चहाचा डबा, कॉफीची बाटली आणि थंड कॅन: कॅफिनच्या काट्यावर किराण्याची फळी

‘दिवसाला किती चहा होतात?’ असं कुणी विचारलं की आपण बोटं मोजतो, आणि हिशेब तिथेच चुकतो. कप कशाला म्हणायचं? टपरीवरचं कटिंग साठ-सत्तर मिलीचं, घरचा कप दीडशेचा, ऑफिसातला मग अडीचशेचा. शिवाय एकाच्या घरी दोन कपांना दोन सपाट चमचे पावडर पडते, दुसऱ्याच्या घरी तीन शिगोशीग. कॅफिन मोजायचं ते कोरड्या पावडरीच्या ग्रॅममध्ये आणि घड्याळाच्या काट्यावर. पावडर ग्रॅममध्ये तोलायला दहा किलोचा वजनकाटा चालत नाही, दागिन्यांच्या वजनाचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा लागतो. तो ऑनलाइन सहज मिळतो.

चव कशाची चांगली, हे ज्याचं त्याने ठरवावं. इथे प्रत्येक मालाला तीनच प्रश्न लावले आहेत: एका वेळेला अंगात किती कॅफिन जातं, वेष्टन ते खरं सांगतं का, आणि रोज घेतल्यावर कुठे नडतं.

मर्यादा आधी ठरवून घेऊ. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या आहार-मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलीग्रॅमची मर्यादा दिली आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये धडधाकट प्रौढासाठी दिवसाला ४०० आणि एका बैठकीला २०० मिलीग्रॅमपर्यंत चालेल असं म्हटलं. गरोदर बाईसाठी दिवसभरात २००. मुलांसाठी वजनाच्या दर किलोला ३ मिलीग्रॅम, म्हणजे पंधरा किलोच्या पोराला ४५. खाली सगळीकडे आपला ३००चाच आकडा धरला आहे.

चहा पावडर

मराठी घरात कॅफिनचा मुख्य पुरवठा कॉफीतून नाही, चहातूनच होतो, आणि तोही दाणेदार सीटीसी चहातून. पान चिरडायचं, फाडायचं, गोळी वळायची (इंग्रजीत क्रश, टेअर, कर्ल, म्हणून सीटीसी), ही पद्धत १९३०च्या दशकात आसामात आली. पान इतकं कुस्करलेलं असतं की गरम पाण्यात पडल्या पडल्या रंग आणि कॅफिन दोन्ही सोडतं. कोरड्या पावडरीत कॅफिन साधारण ३ टक्के धरावं. आसामी जातीच्या पानात थोडं जास्त, मळ्यानुसार आणि खुडणीनुसार कमी-जास्त.

दोन कपांचा नेहमीचा चहा घेऊ. दोनशे मिली पाणी, त्यात आलं ठेचून, उकळी आली की दोन सपाट चमचे पावडर म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास, दोन मिनिटं उकळू द्यायचं, मग शंभर मिली दूध, एक-दोन उतू जायला येतील अशा उकळ्या, आणि लगेच गाळायचा. (आलं आधी पाण्यात नीट उकळलं नाही तर कच्च्या आल्याने दूध फाटतं, ही वेगळी कटकट.) साडेचार ग्रॅमात १३५ मिलीग्रॅम कॅफिन, त्यातलं ८०-८५ टक्के पाण्यात उतरतं. कपाला ५५ मिलीग्रॅम. पोषण संस्थेचा चहाचा आकडा कपाला ३० ते ६५ आहे, त्यात हे नेमकं बसतं. असे पाच कप झाले की ३००ला जेमतेम पंचवीस उरतात. पावडर शिगोशीग पडत असेल तर चौथ्यालाच.

आता या पातेल्याभोवतीचे गैरसमज. जास्त उकळला की चहा ‘कडक’ होतो म्हणजे कॅफिन वाढतं, असं नाही. बारीक दाण्यातलं बहुतेक कॅफिन पहिल्या दोन-तीन मिनिटांतच सुटलेलं असतं. त्यानंतर उतरतो तो तुरटपणा, म्हणजे टॅनिन आणि त्याच्या भावकीतली द्रव्यं. रंग हेही कॅफिनचं माप नाही. फिकट दार्जिलिंग आणि काळाकुट्ट डस्ट, म्हणजे भुकटीसारखा बारीक चहा, यांच्यात रंगाएवढा फरक कॅफिनचा नसतो. दूध घातल्याने कॅफिन कमी होत नाही, दुधातलं प्रथिन टॅनिनला धरून ठेवतं म्हणून तोंड ओढत नाही, एवढंच. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी टाकून केलेल्या दुसऱ्या चहात कॅफिन थोडं आणि कडवटपणा भरपूर, म्हणजे हवं ते मिळत नाही आणि नको ते मिळतं. आणि गुळाचा चहा: कॅफिन तेवढंच, साखरही जवळपास तेवढीच. पाटीवर ‘आरोग्यदायी’ लिहिलेलं असतं त्याला अर्थ नाही.

घरातला खरा आकडा काढायला कप मोजूच नका, महिन्याची यादी बघा. चौघांच्या घरात महिन्याला एक किलो चहा पावडर संपत असेल तर १००० ग्रॅमात ३० ग्रॅम कॅफिन, त्यातलं सुमारे २५ ग्रॅम पोटात, भागिले चार माणसं, भागिले तीस दिवस: माणशी दिवसाला २१० मिलीग्रॅम. अर्धा किलो लागत असेल तर १०५. पाहुण्यांचा आणि कामाला येणाऱ्या मावशींचा वाटा वजा करा, ऑफिसातले आणि टपरीवरचे चहा मिळवा. कटिंगचे २० ते ३० धरा. किलोभर पावडर लागणाऱ्या घरातला माणूस बाहेर चार कटिंग घेत असेल तर तो ३००च्या पलीकडे गेला, आणि तो सांगताना ‘घरी फक्त दोनदाच’ असं सांगतो.

पुड्यावर कॅफिनचा आकडा बहुतेक वेळा नसतोच. चहात कॅफिन जन्मजात असतं, वरून घातलेलं नसतं, त्यामुळे कुणी ते छापायच्या भानगडीत पडत नाही. ग्राहकाच्या दृष्टीने ही या मालाची मोठी उणीव आहे.

माल म्हणून सीटीसी चहाला कॅफिनच्या बाबतीत बरे गुण द्यावे लागतात. कपाला पन्नास-साठ ही सोसवणारी मात्रा आहे आणि चमच्याने ती कमी करणं सोपं. नडतं ते दुसऱ्याच दोन गोष्टींचं. एक, साखर. कपाला दोन लहान चमचे म्हणजे आठ-दहा ग्रॅम. चार कपांना पस्तीस-चाळीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेल्या साखरेसाठी सुचवलेली आदर्श मर्यादा दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आसपास आहे. ‘चहाने शुगर वाढली’ म्हणतात तेव्हा दोष पावडरीचा नसतो.

दुसरी गोष्ट लोहाची, आणि ती अधिक गंभीर. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलेलं आहे. आपल्या जेवणातलं लोह पालेभाजी, डाळ, बाजरी, गूळ-शेंगदाण्यातलं. हे वनस्पतीतलं लोह आधीच मुश्किलीने शोषलं जातं आणि चहातले टॅनिनसारखे पदार्थ त्याला आतड्यातच बांधून टाकतात. पोहे-चहा, उपमा-चहा, चपाती-चहा ही जोडी नाश्त्यातलं लोह वाया घालवणारी आहे. यात कॅफिनचा हात नाही, त्यामुळे ‘कमी कॅफिनवाला’ चहा घेऊन काही साधत नाही. उपाय वेळेचा: जेवणाआधी आणि नंतर एक तास चहा-कॉफी नको. लोहाची गोळी चहाबरोबर तर अजिबात नको, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी.

थायरॉइडच्या गोळीचंही तसंच. सकाळी उपाशीपोटी गोळी आणि तिच्या पाठोपाठ चहा-कॉफी, हा क्रम हजारो घरांत चालतो आणि मग टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, का उतरत नाही म्हणून मात्रा वाढत जाते. गोळी साध्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या ते एक तासाने.

इन्स्टंट कॉफी: दोन बाटल्या सारख्या दिसतात, सारख्या नसतात

या फळीवर वेष्टन वाचण्याचा सगळ्यात जास्त फायदा होतो. नेसकॅफे क्लासिक ही निव्वळ कॉफी. त्याच कंपनीची सनराइज आणि समोरच्या कंपनीची ब्रू इन्स्टंट ही कॉफी-चिकोरी मिश्रणं. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, भाजून दळलेलं. त्यात कॅफिन शून्य. कायद्याने मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि दोन्हींचं प्रमाण वेष्टनावर छापायला हवं. ते छापलेलं असतं, पण बाटलीच्या मागे किंवा खाली, बारीक अक्षरांत. बाटली फिरवून ते वाचा. पुढच्या बाजूच्या वाफाळत्या कपाच्या चित्रापेक्षा तेवढी एकच ओळ कामाची आहे.

हिशेब असा. निव्वळ इन्स्टंट पावडरीत कॅफिन साधारण ३ टक्के. दोन ग्रॅमच्या कपात ६० मिलीग्रॅम. कॉफी ७० आणि चिकोरी ३० असेल तर ४०च्या आसपास, आणि अर्धी-अर्धी असेल तर ३०. म्हणजे एकाच चमच्यातून दुप्पट फरक. चमच्याचाही भरवसा नाही: बारीक भुकटीचा सपाट चमचा आणि फुगीर दाण्यांचा सपाट चमचा यांच्या वजनात चांगलाच फरक पडतो. एकदा काट्यावर तोलून बघा आणि आपल्या घरच्या चमच्याचं वजन झाकणावर पेनाने लिहून ठेवा.

बिघडतं कुठे, तर कोल्ड कॉफीत. थंड दूध, साखर आणि आइस्क्रीम कडवटपणा झाकतात म्हणून मिक्सरमध्ये दोन शिगोशीग चमचे सहज पडतात. निव्वळ कॉफीचे पाच ग्रॅम झाले तर ग्लासात १५० मिलीग्रॅम. हा ग्लास संध्याकाळी पाच वाजता अभ्यासाला बसणाऱ्या तीस किलोच्या मुलाला दिला, तर त्याच्या दिवसभराच्या ९० मिलीग्रॅमच्या मर्यादेच्या कितीतरी वर गेलो. मुलांच्या ग्लासात एक ग्रॅमच्या वर पावडर जाऊ नये, आणि तीही दुपारी.

चिकोरीला कॉफीचे शौकीन नाकं मुरडतात. आरोग्याच्या काट्यावर मात्र चिकोरीचं मिश्रण निव्वळ कॉफीपेक्षा उजवं ठरतं: रंग गडद, पेय दाट, कॅफिन कमी. फक्त एक सावधगिरी, ‘यात कॉफी कमी आहे’ म्हणून चमचा वाढवला की मिळवलेलं सगळं गेलं.

फिल्टर कॉफी

माटुंगा, चेंबूरकडच्या कॉफीच्या दुकानांत समोर दळून देतात आणि प्रमाण विचारतात: ८०-२०, ६०-४०. पण तेवढंच विचारून भागत नाही, बी कोणतं तेही विचारा. अरेबिकात कॅफिन १.२ टक्क्यांच्या आसपास, रोबस्टात २.२, म्हणजे जवळजवळ दुप्पट. फेस येतो, ‘स्ट्राँग’ लागते, म्हणून रोबस्टा मिसळतात. प्लँटेशन ए आणि पीबेरी ही नावं पाटीवर दिसली तर ती सहसा अरेबिका. ‘रोबस्टा चेरी’ नावातच कबुली देते.

पंधरा ग्रॅम ८०-२० पावडर, म्हणजे बारा ग्रॅम कॉफी. सगळी अरेबिका असेल तर त्यात १४४ मिलीग्रॅम कॅफिन आणि डिकॉक्शनमध्ये, म्हणजे फिल्टरमधून उतरलेल्या दाट अर्कात, सव्वाशे उतरतं. अर्धी रोबस्टा असेल तर पावणेदोनशे. शंभर मिली डिकॉक्शनचे तीन पेले केले तर पेल्याला ४० किंवा ६०. तेवढ्याच डिकॉक्शनचे दोन पेले करणाऱ्यांनी ६० किंवा ९० धरावेत. पोषण संस्था दीडशे मिली गाळीव कॉफीला ८० ते १२० धरते, तो आकडा या दोन-पेलेवाल्यांच्या बाजूचा.

स्टीलच्या फिल्टरमध्ये पाणी उकळी थांबल्यावर अर्ध्या मिनिटाने ओतावं. पावडर वरच्या भांड्यात घालून चकतीने फक्त सपाट करायची, दाबून ठोसायची नाही. दाबली किंवा दळण फार बारीक असलं की भोकं बुजतात आणि दोन तासांनीही खाली अर्धी वाटी. चिकोरी पाणी धरून फुगते म्हणून ६०-४०ला थेंब सावकाश पडतो. पंधरा-वीस मिनिटांनी तयार झालं पाहिजे. कॉफी पातळ आणि घाईने उतरली तर दळण भरड आहे. वरच्या चोथ्यावर दुसऱ्यांदा पाणी ओतून मिळणाऱ्या डिकॉक्शनमध्ये कॅफिन फारच थोडं असतं. संध्याकाळी कॉफीचा नुसता वास हवा असेल त्यांना ही सोय आहे.

कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल त्यांनी एवढं लक्षात घ्यावं: न गाळलेल्या, उकळून केलेल्या किंवा फ्रेंच प्रेसच्या कॉफीत कॅफेस्टॉल नावाचं तेलकट द्रव्य राहतं आणि ते एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवतं. कागदी गाळणीत ते जवळजवळ सगळं अडकतं. स्टीलच्या फिल्टरमध्ये पावडरीचा थर काही अडवतो, सगळं नाही. इन्स्टंटमध्ये ते नगण्य. दिवसाला पेलाभर कॉफी घेणाऱ्याने याची काळजी करू नये. चार-पाच पेले घेणाऱ्याने कागदी गाळणी वापरून बघावी आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासावं.

थंड कॅन आणि बाटल्या

एनर्जी ड्रिंकबद्दल घबराट आहे ती थोडी चुकीच्या कारणासाठी. भारतात ‘कॅफिनेटेड बेव्हरेज’ या वर्गात लिटरला १४५ ते ३०० मिलीग्रॅम कॅफिनची अट आहे. म्हणजे अडीचशे मिलीच्या कॅनमध्ये जास्तीत जास्त ७५. घरच्या मोठ्या कपापेक्षा थोडं जास्त, बस. पारदर्शकपणात तर हा माल चहाला मागे टाकतो: कॅफिनचा आकडा छापलेला, दिवसाला ५०० मिलीच्या वर पिऊ नये ही सूचना छापलेली, मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, कॅफिन न सोसणारे आणि खेळाडू यांच्यासाठी नाही असंही छापलेलं.

तरीही फळीवर शेवटचा नंबर याचाच. गरम चहा फुंकून फुंकून दहा मिनिटांत जातो, हे थंड आणि गोड दोन मिनिटांत घशाखाली. साखर घातलेल्या प्रकारात शंभर मिलीला दहा-अकरा ग्रॅम साखर, म्हणजे अडीचशेमध्ये पाच-सहा चमचे. किंमत वडापावाएवढी आणि विक्री शाळेसमोरच्या टपरीवरच्या फ्रिजमधून. सूचना कितीही ठळक छापली तरी बाटली हातात घेणारा आठवीतला मुलगा ती वाचत नाही. शाळांपासून ५०० मीटरच्या आत अशी पेयं विकायला बंदी करण्याची घोषणा जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत झाली होती. दारूत मिसळून घेणं तर सरळ धोक्याचं: कॅफिनमुळे चढलेली कळत नाही, पण चढलेली असतेच.

जिममधल्या प्री-वर्कआउट, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या, भुकट्या निराळ्या. एका स्कूपला १५० ते ३०० मिलीग्रॅम सर्रास असतं, आणि स्कूप डब्यात पुरलेला असतो म्हणून लोक घरचा मोठा चमचा वापरतात. खेळात कॅफिनचा उपयोग खरा आहे, किलोला ३ मिलीग्रॅमपासून, तासभर आधी. पण साठ किलोच्या माणसाला ते १८० होतात आणि तेवढे काळ्या कॉफीतूनही मिळतात. शुद्ध कॅफिनची भुकटी ऑनलाइन दिसली तर घेऊच नका. दहा ग्रॅम, म्हणजे दोन-तीन चमचे, माणूस मारायला पुरतात, आणि सव्वा ग्रॅमलाच फिट येण्याइतकी विषबाधा होऊ शकते.

डिकॅफ, ग्रीन टी आणि गवती चहा

डिकॅफ, म्हणजे कॅफिन काढून टाकलेली, इन्स्टंट कॉफी आपल्याकडे किराण्यात क्वचित, ऑनलाइन मिळते आणि नेहमीच्या कॉफीपेक्षा महाग पडते. कॅफिन पूर्ण शून्य नसतं, कपाला पाच-सहा मिलीग्रॅम राहतं, पण झोपेच्या दृष्टीने ते शून्यच. चव थोडी पोकळ. चिकोरीच्या चिमटीने भरून निघते. रात्री जेवणानंतर कॉफी लागणाऱ्यांनी पैसे खर्च करावेत असा हा एकच महाग माल इथे आहे. कॉफी पिणाऱ्यांत मधुमेहाचं प्रमाण कमी दिसतं असं सांगून जे भरपूर कॅफिन रिचवतात त्यांच्यासाठी: तो संबंध डिकॅफ पिणाऱ्यांतही दिसतो, तेव्हा श्रेय कॅफिनचं नसावं.

ग्रीन टी ‘हर्बल’ नव्हे. तो चहाच्याच झुडपाचा, कपाला २५ ते ४० मिलीग्रॅम. रात्री दहाला वजन कमी करायला म्हणून ग्रीन टी घेणाऱ्यांची झोप त्यानेच जाते. गवती चहात कॅफिन अजिबात नाही, पण आपण त्यात चमचाभर चहा पावडर टाकतोच, मग नावाला गवती.

औषधाच्या दुकानातलं कॅफिन

डोकेदुखीच्या काही गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर ५० मिलीग्रॅम कॅफिन असतं, मायग्रेनच्या काहींत १००. पाकिटावर घटकांमध्ये लिहिलेलं असतं. कॅफिनने वेदनाशामकाचा जोर वाढतो, म्हणून ते घालतात, लबाडी नाही. पण महिन्यातून दहा दिवसांहून जास्त अशा मिश्र गोळ्या घेतल्या तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. आणि रात्री नऊला घेतलेली गोळी म्हणजे रात्री नऊला घेतलेला चहा.

घड्याळ

‘चहाला वेळ नसते, पण वेळेला चहा लागतो’ यातला पहिला अर्धा भाग शरीराला मान्य नाही. दिवसभर जागं राहिल्यावर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि आपल्या जागांवर जाऊन बसलं की झोप येते. कॅफिन त्या जागा अडवून बसतं. थकवा जात नाही, त्याचा निरोप पोचत नाही. कॅफिन तासाभरात रक्तात पूर्ण उतरतं आणि मग दर पाच तासांनी निम्मं होतं. संध्याकाळी पाचच्या ६० मिलीग्रॅमपैकी रात्री दहाला ३० शिल्लक, पहाटे तीनला १५. यात दुपारच्या कपाची शिल्लक मिळवा. एका प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलीग्रॅम दिले तेव्हा झोप तासाभराहून जास्त घटली, आणि घेणाऱ्यांना स्वतःला ते नीट जाणवलंही नाही. ‘मला चहा पिऊनही झोप लागते’ म्हणणाऱ्याला झोप लागते हे खरं; गाढ झोपेला कात्री लागते.

पाच तास हा सरासरी आकडा. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईत तो दुपटीच्या घरात जातो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पंधरा तासांपर्यंत. सिगारेट ओढणाऱ्यात तो निम्मा असतो, म्हणून सिगारेट सोडली की तेवढेच चहा अचानक बाधायला लागतात: हात थरथरतात, छाती धडधडते, आणि दोष सिगारेट सोडण्याला दिला जातो. त्या आठवड्यात चहा निम्मा करावा. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक चालू असतानाही कॅफिन साचतं. कोर्स संपेपर्यंत एक-दोन कपांवर थांबावं. रातपाळीवाल्यांनी एकदम मोठा मग रिचवण्यापेक्षा पाळीच्या पहिल्या अर्ध्यात दोन-तीन कटिंग घ्यावीत, शेवटच्या चार-पाच तासांत नाही.

रक्तदाबाचं थोडक्यात. सवय नसलेल्याचा वरचा आकडा कपानंतर काही तास ५ ते १० ने चढतो, सवय झालेल्याचा फारसा नाही. दाब मोजायच्या आधी अर्धा तास चहा नको, नाहीतर उगाच गोळी वाढते. ‘चहाने अंगातलं पाणी कमी होतं’ हेही रोज पिणाऱ्यांना लागू नाही. लघवीला थोडं जास्त जावं लागतं, पण चहातलं पाणी जमेतच राहतं. घशाला बाधतं ते कॅफिन नाही, उष्णता: ६५ अंशांहून गरम पेयं रोज पिणं अन्ननलिकेच्या कर्करोगाला कारण ठरू शकतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये म्हटलं. पातेल्यातून थेट कपात ओतलेला चहा त्याच्या बराच वर असतो. बशीत ओतून भुरके मारणारे आजोबा या बाबतीत सगळ्यांच्या पुढे होते.

कमी करायचं तर

एकदम बंद करू नये. रोज शंभर मिलीग्रॅम, म्हणजे दोन कप घेणाऱ्यालाही बंद केल्यावर बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, दुसऱ्या दिवशी जोरात ठणकतं, आणि दोन ते नऊ दिवसांत निवळतं. हरितालिकेच्या किंवा निर्जळी एकादशीच्या दुपारी जे ‘पित्त चढतं’ त्यात बऱ्याचदा उपासापेक्षा चहाचा वाटा मोठा असतो. वर सांगितलेली कॅफिनवाली गोळी घेतली की ते चटकन थांबतं, आणि गोळीच लागू पडली असा समज होतो.

चहाचं: पातेल्यातल्या पावडरीतून तीन-तीन दिवसांनी पाव भाग कमी करा, पाणी-दूध तेवढंच ठेवा. आलं, वेलदोडा किंवा गवती चहा वाढवला की घरच्यांना पहिल्या दोन पायऱ्या कळत नाहीत. कॉफीचं त्याहून सोपं: डिकॅफची बाटली आणून रिकाम्या बरणीत तीन भाग नेहमीची, एक भाग डिकॅफ कालवून ठेवा, चार दिवसांनी निम्मी-निम्मी, आणखी चार दिवसांनी एक भाग नेहमीची, तीन भाग डिकॅफ. बरणी पूर्ण कोरडी असावी, नाहीतर पावडरीची ढेप होते. पहिला कप सगळ्यात शेवटी कमी करायचा. कात्री लावायची ती दुपारी तीननंतरच्या कपापासून.

उपासाच्या किंवा शस्त्रक्रियेच्या तारखेआधी दहा-बारा दिवसांपासून याच पायऱ्या सुरू कराव्यात. शस्त्रक्रियेच्या सकाळी बिनदुधाचा कोरा चहा किती वाजेपर्यंत चालेल, हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारून घ्यावं. दुधाचा चहा त्यांच्या हिशेबात अन्नात मोडतो.